रानाची वाट आणि प्रवेशपत्र



पहाटे सायकली काढून अजिंठ्याच्या डोंगररांगांत भटकणारे तरुण आपल्या बुलढाण्यात दिसू लागले, याचे आम्हांस समाधान वाटते. चार पावलांवरच्या भाजीबाजारात मोटारीने जाणाऱ्यांपेक्षा ही मंडळी केव्हाही बरी! परंतु त्यांतले काहीजण खामगावच्या वाटेवर मध्येच सायकल ज्ञानगंगा अभयारण्यात घालतात आणि प्रवेशपत्राचे नाव काढताच विचारतात, ‘रान का कुणाच्या मालकीचे आहे?’

कायद्याने येथे फार सोपा भेद केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्याने खुशाल जावे. परवाना लागत नाही. डांबर सोडून पायवाटेला लागलात की मात्र २८ वे कलम आड येते. तेथे परवाना हवा आणि त्याचे शुल्कही भरावयास हवे.

पण कायद्याच्या धाकाने पैसे द्यावेत, असे आमचे म्हणणे नाही. ही पायवाट फुकट राहते कशी, ते पाहा. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढाव्या लागतात, नाहीतर एका विडीच्या थोटकाने अख्खा डोंगर काळा होतो. नाले आटले की पाणवठ्यांत पाणी आणून ओतावे लागते. उतारावर सायकलींची चाकोरी पडली की पहिल्याच पावसात तिचा ओघळ होतो; तो बुजवावयास माणसे लागतात. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून आपल्या ज्ञानगंगेत आला. त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे जगाला त्याची वाट कळली. पण त्याच्या मागावर रात्रंदिवस राहिले ते वनरक्षक आणि वनमजूर. अस्वलांच्या या रानात ते काम सोपे नव्हे.

‘आमचा रुपया सरकारी तिजोरीत बुडणार,’ अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. म्हणूनच २००६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन व्याघ्र प्रकल्पांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठानांची तरतूद झाली. पर्यटनाचे उत्पन्न तेथेच राहावे आणि भोवतालच्या गावकऱ्यांच्याही कामी यावे, हा तिचा हेतू. आपल्याच जिल्ह्यातील अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते. शुल्क भरणाऱ्याने हिशेब मागावा. चुकवणाऱ्याने कोणत्या तोंडाने मागावा?

श्रीमंत देशांतही ही अडचण चुकलेली नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात उद्यानांचे सरकारी अनुदान आटले, तेव्हा २०११ साली मोटारीमागे वर्षाला तीस डॉलरांचा परवाना बसवावा लागला. गंमत अशी, की घरून सायकलीने येणाऱ्यास तो लागत नाही; सायकल मोटारीवर लादून आणणाऱ्यास लागतो.

आता एक आक्षेप आम्हांलाही मान्य आहे. भारी सायकल घेणाऱ्यास शुल्काचे काय? पण शाळेच्या जुन्या सायकलीवर येणाऱ्या पोराला ते जड जाऊ शकते. त्याच्यासाठी सवलत मागावी, आणि तोवर शहरातल्या सायकल मंडळींनी वर्गणी काढून चार पोरांची प्रवेशपत्रे आपल्या पावतीबरोबर फाडावीत. रानालगतच्या गावातला एखादा जाणता वाटाड्या सोबत घेतला, तर त्याच्या हातीही चार पैसे पडतील आणि अस्वल कोणत्या ओढ्यात असते, हेही वेळीच कळेल.