अफूच्या पेट्या आणि ससूनचा दवाखाना

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडचं पोरगं पुण्याला शिकायला गेलं, की स्टेशनाबाहेर पडताच ‘ससून’ हे नाव त्याच्या कानावर पडतं. दवाखाना सरकारी, पण नाव बगदादहून आलेल्या एका यहुदी व्यापाऱ्याचं, डेव्हिड ससूनचं.

त्याचे वडील बगदादच्या पाशांचे, म्हणजे सुभेदारांचे, खजिनदार. पुढचा पाशा यहुद्यांच्या मुळावर उठला आणि डेव्हिडला गाव सोडावं लागलं. अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून तो निघाला, असं सांगतात. १८३२ साली मुंबईत आला. इंग्रजीशी त्याचं कधी जमलं नाही. १८५३मध्ये ब्रिटिश नागरिक झाला, तेव्हाही सही हिब्रूतच केली.

पेढी वाढली कापसावर आणि अफूवर. कापसाचं तुम्हाला मी काय सांगावं! १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला माल लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईत कापसाचा भाव आभाळाला भिडला. अफू यायची माळव्यातून. पेट्या मुंबईला जात, तिथून जहाजानं चीनला, आणि तिकडे घरंच्या घरं व्यसनापायी बसत. माळव्याच्या या मालावर इंग्रज सरकार कर घेई. म्हणजे पापात तेही वाटेकरी.

कमाईतला वाटा गरिबांसाठी काढणं यहुदी धर्मात कर्तव्यच मानतात. ससूनने तो सढळ हातानं काढला. भायखळ्याचं सिनेगॉग (यहुद्यांचं प्रार्थनास्थळ), वाट चुकलेल्या मुलांसाठी सुधारशाळा, काळा घोड्याजवळचं वाचनालय यांना त्याचा पैसा लागला. पुण्याच्या दवाखान्यासाठीही त्याने मोठी देणगी दिली. तो उघडला १८६७मध्ये. ससून त्याआधीच, १८६४ला, पुण्यात वारला होता.

दानानं अफू धुऊन निघते, असं मला वाटत नाही. जमशेटजी जीजीभॉयांचंही तेच: अफू चीनला, जे. जे. रुग्णालय मुंबईला. आपल्या जुन्या दवाखान्यांच्या पायात चीनचा पैसा आहे, हे पोरांना शाळेतच सांगायला हवं.

पुण्याला गेलात तर कॅम्पातलं लाल देऊळ जरूर पाहा. लाल विटांचं हे सिनेगॉग ससूननेच बांधायला घेतलं. त्याची कबरही तिथेच आहे. आत जायला परवानगी लागते, पण घड्याळाचा मनोरा रस्त्यावरूनही दिसतो.