आधी बांध, मग बोअर

वेळ थोडा आहे, म्हणून मुद्द्याचंच बोलतो. आधी बांध, मग बोअर.

कडवंची पाहून आलेल्यांना हे समजावायला नको. आपल्याच जालना तालुक्यातल्या या गावानं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पळतं पाणी अडवलं. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोक बोअरवर बोअर घेत सुटले. कडवंचीची द्राक्षं तगली.

संसाराचंही हेच. पैसा पुरेना झाला की आपण बोअर घेतो: ओव्हरटाइम, डबल पाळी, रविवारीही कामावर. खर्चाचा बांध मात्र फुटलेलाच. सळईच्या कारखान्यात कामाला असलेल्या एकाच्या घरी गेलो होतो. नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. बसायला घरात असतं कोण? सोफ्याचा हप्ता फेडायला नवरा डबल पाळीवर, बायको रात्री अकरापर्यंत शिलाई मशीनवर!

कोणी म्हणेल, हा बाबा आळस शिकवतो. अहो, समर्थ रामदास आपल्या जांबचे. त्यांच्या जिल्ह्यात आळसाची वकिली करायची माझी छाती नाही. पण गरजा कमी करणं म्हणजे आळस नव्हे. दिलीप कुलकर्णी हे इंजिनियर दापोलीजवळ कुडावळ्याला जाऊन राहिले. गरजा कमी केल्या, मिळालेल्या वेळात पुस्तकं लिहिली, ‘गतिमान संतुलन’ मासिक चालवलं. हा माणूस रिकामा बसला, असं कोण म्हणेल?

आणि हो, ज्याच्या रानात पाऊसच नाही त्याला बांधाचं शहाणपण सांगू नये. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला मी काटकसर शिकवणार नाही. ज्यांच्याकडे पाऊस पडतो आणि तरी दर महिन्याच्या वीस तारखेला उसनवारीचा टँकर लागतो, त्यांच्याशी मी बोलतोय. कडवंचीनंही पुढे पैसा कमावलाच की. पण क्रम चुकवला नाही. म्हणून पुन्हा सांगतो, आधी बांध, मग बोअर.

लग्नांबद्दलही बोलायचं होतं. मंडप, डीजे, त्यासाठी विकलेला एकर... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. तर एवढंच करा. येत्या दिवाळीत हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवा आणि विचारा, या वस्तूसाठी कोणी किती जादा पाळ्या करायच्या? उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या.