तारीख मिळेपर्यंत

(जिल्ह्यातल्या महिला संघटनांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मला दिलेला विषय होता 'गर्भपिशवीच्या गाठी आणि उपचार'. उपचारांबद्दल आपल्या डॉक्टर मैत्रिणी सकाळी सविस्तर बोलल्या आहेत. मी बोलणार आहे ते त्याच्या अलीकडच्या दिवसांबद्दल. सोनोग्राफीचा कागद हातात पडतो तिथपासून मोठ्या डॉक्टरांची तारीख मिळते तिथपर्यंतचे दिवस. माझ्या वाट्याला असे पाच महिने आले.

समाजकार्याची पदवी घेतल्यापासून मी संघटनेचं काम करते आहे. त्यातली बरीच वर्षं वस्त्यावस्त्यांतून सांगत हिंडले, 'बायांनो, ऊठसूट पिशवी काढू नका.' फलक घेऊन, कापडी पिशवीत लिंबं घालून, 'ही बघा गाठ, ही बघा पिशवी' असं दाखवत. टाळ्या मिळायच्या. मग छत्तिसाव्या वर्षी माझ्याच पोटात सात सेंटिमीटरची गाठ निघाली. पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जायचं. मीटिंगमधून उठताना आधी मागे वळून खुर्ची बघायची सवय लागली होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.२.

पहिल्यांदा गेले ती जवळच्या एका खाजगी दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, "मुलं किती?" म्हटलं, एक मुलगी. "मग आता पिशवी ठेवून करायचंय काय? उद्या कॅन्सर निघाला म्हणजे? परवा टेबल रिकामं आहे." मी शिबिरांत ज्या वाक्यांची नक्कल करून दाखवायचे, तीच वाक्यं, त्याच क्रमाने.

आणि खरं सांगते, त्या रात्री मला वाटलं, काढून टाकावी. एकदाची सुटका. या गाठीचा कॅन्सर असण्याची शक्यता शंभरात एकसुद्धा नाही, हे मला तोंडपाठ होतं. पाळी गेल्यावर या गाठी बहुधा आक्रसतात, पुष्कळ जणींना तर त्यांचा त्रासही होत नाही, हेही मीच सांगायचे. पण रात्री दोन वाजता न्हाणीघरात बसलेल्या बाईला ज्ञान पुरत नाही. 'काढू नका' एवढं सांगून मी आजवर किती बायकांना अशा रात्रींत एकटं सोडून आले असेन, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात गेले. तीन तास रांग. आत एक तरुण डॉक्टरीण होती, तिने चार मिनिटं दिली, पण ती चार मिनिटं नीट दिली. म्हणाली, "ताई, तुमची गाठ पिशवीच्या भिंतीत आहे. नुसती गाठ काढता येईल, पिशवी राहील. पण एवढ्या कमी रक्तावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. आधी शिरेतून लोह, रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या, हिमोग्लोबिन दहाच्या वर. मग मोठ्या सरांची तारीख." म्हणजे ही वाट बघणं नुसती सरकारी दिरंगाई नव्हती, तो उपचाराचाच भाग होता. अर्थात पाच महिन्यांतले तीन उपचाराचे आणि दोन निव्वळ रांगेचे होते, हेही नोंदवून ठेवते.

वाट बघायची तर कोणाच्या सोबतीने? नवरा चांगला आहे, पण तो घाबरलेला. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई हे सोनोग्राफीचं खूळ." संघटनेत सांगायची मला लाज वाटली. लिंबाएवढी गुठळी पडली तर घाबरायचं का, एसटीचा प्रवास करायचा का, नवऱ्याजवळ झोपायचं का, हे प्रश्न डॉक्टरणीच्या चार मिनिटांत बसत नाहीत.

लोहाच्या बाटलीच्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक अंगणवाडीताई होती. तिचीही गाठच. बाटली संपेस्तोवर आम्ही बोललो आणि निघताना ती म्हणाली, "नंबर द्या, तुम्हाला आमच्यात घेते." 'आमच्यात' म्हणजे सात जणींचा व्हॉट्सअॅपवरचा गट. अशाच खाटांवर भेटलेल्या बायका. माझ्या पाच महिन्यांत सातांच्या एकोणीस झालो. तीन जिल्ह्यांतल्या. काही जणींची तोंडं मी अजून पाहिलेली नाहीत. काहींना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून बहुतेक बोलणं आवाजाच्या निरोपांतून. मागे कुकरची शिट्टी, कुठे गिरणीचा आवाज.

पहिल्या रात्री मी गुठळीचं विचारलं. दहा मिनिटांत चौघींची उत्तरं. एकीने विचारलं, "तासाला किती पॅड भिजतंय?" मला सांगता येईना. ती म्हणाली, "वही कर. कितवा दिवस, किती पॅड, गुठळी केवढी, चक्कर आली का." पुढच्या खेपेला ती वही डॉक्टरणीपुढे ठेवली आणि तिने गोळीचं प्रमाण बदललं. 'फार जातं हो' असं सांगितलं की कागदावर काहीच उतरत नाही. 'दुसऱ्या दिवशी अकरा' म्हटलं की उतरतं. एवढी साधी गोष्ट मला आरोग्याचं काम करताना सुचली नव्हती.

डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या रात्री जिची पाळी असेल (म्हणजे जाण्याची पाळी!) तिच्यासाठी सगळ्या मिळून प्रश्न काढायच्या. गाठ कुठे आहे, आत की भिंतीत की बाहेर? औषधाने भागेल का? हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवतात ती मला चालेल का? नुसती गाठ काढली तर पुन्हा येऊ शकते का? (येऊ शकते, हे स्पष्ट सांगायला हवं.) पिशवी काढायचीच तर बीजकोष ठेवणार का? हा शेवटचा प्रश्न एका बाईने आम्हाला शिकवला, तिच्याबद्दल बोलायलाच हवं.

ती बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. गटात होती तिची धाकटी बहीण, हिने फक्त एकदा बहिणीचा फोन घेतला. "मी तुमच्यात काय बोलू, माझी तर सव्विसाव्या वर्षीच गेली," म्हणाली. पोटात दुखतं म्हणून गेली होती, बीजकोषांसकट सगळं काढलं. अठ्ठावीस वर्षांची असताना अंगाची आग, रात्री घाम, हाडं दुखणं. कोयता उचलवत नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर जो आकडा आला तो आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. बीडमधल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. मी तो आकडा कित्येक भाषणांत वापरला. त्यातल्या एकीला 'आता झोप लागते का गं?' असं विचारण्याची वेळ या गटामुळे आली. त्यानंतर आम्हाला सगळ्यात जास्त प्रश्न तिलाच असायचे.

गटात एक वकिलांच्या ऑफिसात काम करणारी आहे. तिने आम्हाला समीरा कोहली खटल्याची गोष्ट सांगितली. तपासणीसाठी दुर्बीण घालायला संमती दिलेली बाई भुलीत होती, बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिची पिशवी आणि बीजकोष काढले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाई सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर तिचीच संमती हवी, आईची चालणार नाही. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने, अनावश्यक पिशव्या काढणं थांबवण्यासाठी केंद्राने केलेल्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणाव्यात असा आदेश दिला. हे ऐकून भाजी विकणारी एक मावशी म्हणाली, "म्हणजे सही करायच्या आधी कागद वाचून दाखवा म्हणायचं, एवढंच ना? ते मी म्हणीन." आणि तिने म्हटलंही.

आता आमच्या हातून झालेली चूक. ती सांगितल्याशिवाय मी या व्यासपीठावरून उतरणार नाही.

आमच्यातल्या एका शिक्षिकेला दोन दिवस फार जात होतं. ती निरोप टाकायची आणि आम्ही, त्यात मी सगळ्यात पुढे, म्हणायचो, "घाबरू नकोस, आमचंही असंच होतं. खाजगीत जाऊ नकोस, ते पिशवी काढतील." तिसऱ्या दिवशी ती बसस्टँडवर कोसळली. रक्ताच्या तीन पिशव्या चढवाव्या लागल्या. ती वाचली. पण तिला धीर देताना मी माझी भूमिका जपत होते, तिच्या वहीतले आकडे बघत नव्हते. तिने त्या दिवशी चौदा लिहिलं होतं.

त्यानंतर आम्ही ठरवलं, आणि हे मी तुम्हाला लिहून घ्यायला सांगते: तासाला एक पॅड याप्रमाणे दोन तास गेलं, चक्कर आली, धाप लागली, की गटात विचारायचं नाही. जो दवाखाना जवळ असेल तो गाठायचा आणि वाटेतून कळवायचं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर तेही तपासल्याशिवाय राहायचं नाही. आपल्यावर जे घडलं तेवढंच सांगायचं, 'तुझंही तसंच असेल' हे म्हणायचं नाही. आणि गाठ विरघळवणारे रस, चूर्ण, कोणाचे तरी पुढे पाठवलेले व्हिडिओ बंद. ते बंद करायला मात्र फार भांडावं लागलं. चूर्ण विकणारा एक जण बाईच्या नावाने गटात शिरला होता.

दुसरा धडा एका घरकाम करणाऱ्या ताईने दिला. वय सेहेचाळीस, तीन मोठ्या गाठी, चार वर्षं रक्त जातंय, औषधं झाली. तिने सगळे पर्याय ऐकले, मोठ्या डॉक्टरांशी बोलली आणि पिशवी काढायचं ठरवलं. मी तिला पुन्हा एकदा 'विचार कर' म्हटलं. ती म्हणाली, "ताई, केला विचार. महिन्याला सहा खाडे होतात, दोन घरं सुटली. तुमच्या चळवळीसाठी मी अजून चार वर्षं अंगावरून घालवू का?" तिचे बीजकोष ठेवले, ती सहा आठवड्यांनी कामावर गेली आणि खूश आहे. शरीरावरचा हक्क म्हणजे आपल्याला पटेल तोच निर्णय, असं मी कधी धरून बसले होते कोण जाणे.

१९९४ साली शिरूरच्या शासकीय गृहातल्या मतिमंद बायकांच्या पिशव्या पुण्यात काढल्या गेल्या, तेव्हा आपल्या ज्येष्ठ मैत्रिणी रस्त्यावर उतरल्या. मी तेव्हा लहान होते. तो लढा झाला नसता तर आज मला 'नुसती गाठ काढा' म्हणायचं धाडसही झालं नसतं. पण 'काढू नका' आणि 'तारीख मिळेल' यांच्या मधे जी बाई बसली आहे तिच्यासाठी आपल्या केंद्रांत काय आहे? किती केंद्रांत लोहाच्या बाटलीच्या दिवशी तिच्यासोबत जाणारं कोणी आहे?

फोनने सगळं होत नाही, हेही बघितलं. आमच्यातल्या सहा जणींकडे स्वतःचा फोन नाही, नवऱ्याचा किंवा मुलाचा. एकीच्या मुलाने तिचा निरोप सगळ्या घरासमोर मोठ्याने वाजवला. ती दुसऱ्या दिवशी गटातून गेली, परत आली नाही. आम्ही तिचं गाव शोधून भेटायला गेलो, ती दारातच म्हणाली, "चहा घ्या, पण त्या विषयावर नको." आता अशांसाठी ठरलेल्या वेळी मिस्ड कॉल आणि समोरून फोन, असं चालतं. पण त्यापेक्षा तुमच्या गावातली एखादी बाई तिच्या दारात जाऊन बसू शकली तर बरं. म्हणून मी आज इथे आले.

माझी शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली, पिशवी आहे. आदल्या रात्री अठरा निरोप आले होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना 'मला नंतर थंडी वाजेल, पांघरूण जवळ ठेवा' हे सांग, असा एक होता. खरंच वाजली थंडी.

आणि ज्या अंगणवाडीताईने मला 'आमच्यात' घेतलं, तिला पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. हिमोग्लोबिन साडेदहा झालंय, पण रक्ताची एक पिशवी तयार हवी. तिचा गट बी निगेटिव्ह आहे. इथे कोणाचा असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा, मी पाण्याच्या पिंपाजवळ उभी असेन.