धर्मादाय सेवा आणि राजकोष



गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या त्या लोकवर्गणीतून. गावोगावी कीर्तन करायचे, समोरचा रस्ता स्वतः झाडायचा आणि श्रोत्यांनी ओंजळीत टाकलेला पैसा यात्रेकरूंच्या निवाऱ्याला लावायचा, असा त्यांचा शिरस्ता. महाराष्ट्रातील धर्मादाय सेवेची ही जुनी वहिवाट आहे. आज सेवाकार्याचा व्याप वाढला, खर्च वाढला. साहजिकच प्रश्न उभा राहतो : धार्मिक संस्था लोकोपयोगी काम करीत असतील, तर राजकोषातून त्यांना साहाय्य मिळावे काय?

प्रथम घटनेकडे पाहू. ज्या कराचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या वा संप्रदायाच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवले आहे, तो कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे अनुच्छेद २७ सांगतो. धर्मप्रेरणेने चालणाऱ्या सेवेला मदत देऊ नये, असे मात्र घटना कोठेही म्हणत नाही. उलट अनुदानप्राप्त शाळांत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण देऊ नये, अशी अट अनुच्छेद २८ घालतो. म्हणजेच धार्मिक संस्थेच्या शाळेला अनुदान मिळू शकते, हे घटनाकारांनी गृहीतच धरले होते. पूजेला पैसा नाही, सेवेला मिळू शकतो, अशी ही विभागणी आहे.

व्यवहारात ती रेषा कशी दिसते? १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लंगर, अन्नछत्रे यांच्या शिधासामग्रीवरही तो पडू लागला. भुकेल्याला फुकट जेवू घालणाऱ्याकडून तुपावर, तेलावर, साखरेवर कर घ्यावा काय, असा रास्त प्रश्न निर्माण झाला. २०१८ साली केंद्राने 'सेवा भोज योजना' आणली. दरमहा किमान पाच हजार लोकांना विनामूल्य भोजन देणाऱ्या संस्थांना केंद्राच्या वाट्याचा कर परत करण्याची ही योजना. त्यासाठी दोन वर्षांकरिता ३२५ कोटी रुपयांची तरतूद झाली. गुरुद्वारा, मंदिर, मठ, दर्गा, चर्च, सर्वांना निकष एकच. येथे शासनाने दान दिले नाही, दात्याच्या ताटातला आपला वाटा सोडला.

दुसरे उदाहरण अधिक कठीण आहे. 'अक्षय पात्र' हे अन्नदानाचे काम २००० साली बंगळूरच्या इस्कॉन परिवारातून सुरू झाले. प्रारंभी पाच शाळांतील दीड हजार मुले जेवत, आज ही संख्या वीस लाखांवर गेली आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले माध्यान्ह भोजन देण्याचा आदेश राज्यांना दिला. त्यानंतर शासनाचे धान्य व अनुदान आणि समाजाच्या देणग्या, अशा दोन चाकांवर हा गाडा चालू लागला. पण त्या जेवणात कांदा-लसूण नसतो, यावरून कर्नाटकात वाद झाला. संस्थेची श्रद्धा आदरणीय खरी, परंतु ताट शासकीय शाळेतील मुलाचे आहे. मुलाला पोषण पुरेसे मिळते का आणि तो ते आवडीने खातो का, हे विचारण्याचा समाजाला अधिकार आहे. राजकोषाचा पैसा घेतला की हा प्रश्न झेलावाच लागतो. त्याचा राग मानून चालणार नाही.

रेषा ओलांडली की काय होते, याचा धडा अमेरिकेने दिला. तेथे २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी धर्माधिष्ठित सेवासंस्थांना शासकीय निधी सुलभ व्हावा म्हणून स्वतंत्र कार्यालय उघडले. त्याच काळात आयोवा राज्यातील एका तुरुंगात ख्रिस्ती संस्थेचा कैदी-सुधार उपक्रम काही अंशी सरकारी पैशावर चालत होता. सुधारणा आणि धर्मोपदेश यांची त्यात फारकतच नव्हती. २००६ मध्ये संघीय न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि पुढच्या वर्षी अपील न्यायालयानेही तोच निष्कर्ष कायम ठेवला. हेतू चांगला होता, पण कैद्याला खरीखुरी निवड नव्हती.

आपल्याकडेही हज यात्रेचे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले आणि २०१८ मध्ये ते बंद झाले. यात्रा हे भक्ताचे कर्तव्य, त्याचा खर्च त्यानेच करावा, हा विचार ज्यांना पटला, त्यांनी तीच फूटपट्टी स्वतःलाही लावली पाहिजे. कुंभमेळ्यात शासनाने रस्ते, पाणी, आरोग्य, सुरक्षा पाहावी. ते लक्षावधी नागरिकांच्या जीविताचे काम आहे. पण स्नानाचे पुण्य सरकारी खर्चाने कोणी मागू नये. निकष एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असेल, तर तो न्याय राहत नाही, अनुनय होतो.

तेव्हा तीन कसोट्या पुरेशा आहेत. जे काम शासनाला एरवीही करावेच लागले असते, त्यासाठीच पैसा घ्यावा. लाभार्थ्याची जात, पंथ, श्रद्धा विचारू नये. आणि हिशेब असा ठेवावा की तो कोणीही, केव्हाही उघडून पाहावा.

याहून महत्त्वाची एक गोष्ट उरते. अनुदान आले की वर्गणीदार सैलावतो. 'सरकार देतेच आहे' म्हणून त्याचा हात खिशाकडे जाईनासा होतो. मग सरकार बदलले, धोरण बदलले, हप्ता थकला, की चूल विझते आणि पंगतीत बसलेला भुकेला उठवावा लागतो. म्हणून चुलीतले पहिले लाकूड समाजाचे असावे. शासनाचे आले तर ते दुसरे. पहिले असले, तर दुसऱ्यावाचून चूल मंदावेल, पण विझणार नाही.