हाताविना हलणारी सोंगटी



यंत्राला बुद्धिबळ खेळायचे तर दोन कामे करावी लागतात : चाल शोधणे आणि ती पटावर करून दाखवणे. पहिल्या कामाचा इतका उदोउदो झाला आहे की, दुसरे केवळ हमालीचे वाटावे. आज मी या हमालीविषयीच बोलणार आहे.

व्हिएन्नाच्या दरबारात १७७० मध्ये केंपेलेन याने मांडलेला ‘तुर्क’ आपल्या लाकडी हाताने सोंगट्या उचली. हात यंत्राचा होता. बुद्धी मात्र पेटीत दडलेल्या माणसाची. लोक भुलले ते मुख्यतः त्या हाताला.

स्पेनचे अभियंते लिओनार्दो तोर्रेस केवेदो यांनी १९१२ साली तयार केलेल्या यंत्रात कोणी दडलेले नव्हते. पांढरा राजा व हत्ती यंत्राकडे, काळा राजा माणसाकडे, एवढाच डाव. कमीत कमी चालींत नव्हे, पण यंत्र हटकून मात करी. माणसाने नियमबाह्य चाल केली की दिवा लागे. तिसऱ्यांदा केल्यास यंत्र खेळणेच थांबवी. (हा करारीपणा माणसांतही विरळाच!) १९२० च्या दुसऱ्या यंत्रात त्यांनी पटाखाली विद्युतचुंबक योजले, आणि सोंगटी कोणाचाही हात न लागता सरकू लागली.

पुढे संगणक घरोघर आला, तेव्हा हे काम बहुधा माणसाकडेच परत गेले. दिवे लुकलुकून यंत्र आपली चाल सांगे आणि ती पटावर करायची आपणच. आपलाच वजीर आपल्याच हाताने उचलून प्रतिपक्षाला द्यायचा, ही शिक्षा थोडीथोडकी नव्हे!

मिल्टन ब्रॅडली या अमेरिकन कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या पटाने ती चुकवली. अशा पटाखाली एक चुंबक आडव्या-उभ्या दिशांनी फिरतो. सोंगटीच्या बुडाशीही चुंबकाने ओढली जाणारी धातूची चकती किंवा चुंबक असतो. हत्तीची वाट सरळ आणि मोकळी. अडचण घोड्याची, कारण तो इतरांवरून उडी मारतो आणि चुंबकाला तर काही उचलता येत नाही. म्हणून घोडा दोन घरांमधल्या रेषेवरून, इतरांना धक्का न लावता, चोरपावलांनी नेतात. त्यासाठी घरांच्या मानाने सोंगट्या बारीक ठेवाव्या लागतात. मारलेली सोंगटीही आधी अशीच पटाबाहेर न्यावी लागते. यात वेळ जातो. पण प्रतिस्पर्धी विचारपूर्वक हात पुढे करीत आहे, असा भास त्या संथपणामुळेच होतो.

२०१६ मध्ये मुंबईतील तरुण अभियंत्यांनी ‘स्क्वेअर ऑफ’ या नावाने असाच पट लोकांपुढे मांडला. तो इंटरनेटला जोडता येई. दूरच्या शहरातील खेळाडूने प्यादे पुढे केले की, इथल्या पटावरचे प्यादे आपोआप सरके. केंपेलेनच्या पेटीतला माणूस असा पुन्हा पटामागे आला. मात्र या वेळी तो तिथे आहे हे समोरच्याला ठाऊक होते, आणि एकट्याने पट मांडून बसणाऱ्याला हवा होता तोही तोच.