दोन औषधे, एक रोगी

एका नित्याच्या अनुभवाचा विचार मी आपणांपुढे मांडणार आहे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतानाच मनुष्य वैद्याचा काढा का घेतो, होमिओपॅथीच्या पुड्या का आणतो, आणि मठात येऊन तीर्थ का मागतो? याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते यथार्थ नव्हे.

अमेरिकेत जॉन ॲस्टिन या संशोधकाने हजाराहून अधिक लोकांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध केले. पर्यायी उपचारांकडे वळणारे बहुतेक जण डॉक्टरांवर रुष्ट नव्हते, आणि अशिक्षित तर नव्हतेच. ते उपचार त्यांच्या जीवनविषयक श्रद्धांशी जुळत होते, हे मुख्य कारण. केवळ अशाच उपचारांवर प्रामुख्याने विसंबणारे शेकडा साडेचारांहूनही कमी निघाले.

आपल्याकडेही वैद्य नाडी पाहतो, झोप विचारतो, भूक विचारतो, पथ्य सांगतो. वात, पित्त हे त्याचे शब्द रोग्याने घरातच ऐकलेले असतात. आपले कोणी ऐकून घेतले, या समाधानाने अर्धे दुखणे हलके वाटते. शिवाय संधिवात, दमा यांसारखे विकार आवरले तरी समूळ जात नाहीत, रोगी कंटाळतो. त्यांना भरती-ओहोटी असते. दुखणे अगदी वाढले म्हणजे मनुष्य नवे औषध शोधतो, आणि पुढे स्वभावतः येणाऱ्या उताराचे श्रेय त्या औषधाला मिळते.

तिसरे कारण स्वाभिमानाचे. डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे यांच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या वनस्पतिग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोचीच्या कोकणी वैद्यांनी १६७५ साली नागरी लिपीत साक्षपत्र लिहून दिले. हा वारसा पोकळ नव्हे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रोग्यांवरील निरीक्षणांनिशी जगापुढे मांडले. मात्र त्या मुळीला जगाची मान्यता मिळाली ती परीक्षेला उतरल्यामुळे, केवळ जुनी म्हणून नव्हे.

म्हणूनच सावध राहिले पाहिजे. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय औषधांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. याहूनही मोठा धोका हातचे औषध सोडण्यात आहे. ज्याचे शरीर इन्सुलिनवरच चालते त्याने ते टाकले, किंवा क्षयरोग्याने बरे वाटताच औषध अर्ध्यावर सोडले, तर प्राणावर बेतते.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. जप, होम, तीर्थ, अंगारा ही पहिल्यातली. आहार व औषधयोजना दुसऱ्यातली. मनाला अहितापासून आवरणे हे तिसऱ्यातले. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असा त्याचा अर्थ नाही. मठातील तीर्थाने मनाला धीर येतो; तो धीर औषध नियमाने घेण्याच्या कामी यावा.

तेव्हा माझी विनंती एवढीच की, काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. गोळ्या चालू असतील तर वैद्यांना सांगा. रागावतील या भीतीने लोक लपवतात, आणि दोन औषधांचा परस्परविरोध कोणालाच कळत नाही. डॉक्टरांनीही न रागावता विचारावे. आणि मठाच्या सेवेकऱ्यांनी दुखणेकऱ्याच्या हाती अंगारा ठेवताना एक प्रश्न अवश्य करावा: “औषध चालू आहे ना?” त्या एका प्रश्नाने कोणा भक्ताचा प्राण वाचला, तर तीही श्रीगुरूंची सेवाच होय.