अग्निबाणाचे दर्शन



दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीला आला की आपल्या या कुशावर्तावर लाखो माणसे लोटतात. आकाशातल्या घटनेसाठी प्रवास करावा, हे त्र्यंबककरांना मी काय सांगावे? आज बोलायचे आहे ते श्रीहरिकोट्याच्या यात्रेविषयी. तेथे २०१९ साली सामान्य नागरिकांसाठी उड्डाण पाहण्याची गॅलरी खुली झाली.

कोणी म्हणेल, घरी पडद्यावर सारे दिसते; मग हा आटापिटा कशाला? पण पडद्यावर ज्वाला आणि गर्जना बरोबरच येतात. तेथे तसे घडत नाही. प्रकाश तत्काळ पोहोचतो. ध्वनीला मात्र किलोमीटरमागे सुमारे ३ सेकंद लागतात. प्रथम मुकाट्याने वर चढणारा अग्नी दिसतो आणि मग मागाहून तो गडगडाट येऊन छातीवर आदळतो.

दुसरे असे की, तेथे शाश्वती नसते. १५ जुलै २०१९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, लोक चांद्रयान-२ चे उड्डाण पाहण्यास जमले होते. ५६ मिनिटे उरली असता दोष आढळला आणि उड्डाण थांबविले गेले. मंडळी तशीच परतली. पुढे २२ जुलैला, भर दुपारी, तेच यान झेपावले. ज्याने ते थांबणेही पाहिले, त्याला शास्त्रज्ञांचा संयम पुस्तकावाचून कळला.

म्हणून तरुणांनो, एकदा अवश्य जा. विन्मुख परतावे लागले, तरी यात्रा फुकट गेली असे मानू नका.